कंपाउंडर

माझा मोठा भाऊ पद्माकर निनावे
नऊ वर्षं टीव्हीवर कंपाउंडर होता.
तेवढ्यात डॉक्टर तीन बदलले,
नर्स दोनदा पळून गेली,
बाटल्या मात्र त्याच, आत रंगाचं पाणी.
त्याला एवढंच काम :
दार लोटून आत यायचं अन् म्हणायचं,
"काऊन जी, कोन मेलं?"
की हसू.

हसणारं तिथं कोणी नसायचं.
हसू नंतर लावत, वरून,
पोह्यावर तर्री सोडावी तसं.
तो सांगायचा, त्या टेपमध्ये एक बाई आहे,
सगळ्यांचं हसून झालं की हसते,
अर्धा श्वास उशिरा.
कोण, कुठली, जिवंत आहे की नाही,
पण मी थांबतो म्हणे तिच्यासाठी,
पुढचं वाक्य घेत नाही.

आधी त्याला शुद्ध बोलायला लावलं होतं.
तीन दिवस जमलं नाही.
चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं घरी फोन केला,
"माय, ताट्या बदलवल्या का वं कूलरच्या?
नुसती गरम हवा फेकून राहिला असंल."
सगळं युनिट हसून लोळलं.
दुसऱ्या दिवशी तेच बोलणं
टाईप होऊन त्याच्या हातात आलं,
दोन ठिकाणी चुकलेलं.

इथं इतवारीत आमच्या दुकानात
साडेनऊला माणसं उभी राहायची,
एक पाय नालीच्या फरशीवर.
माय आतून बघायची, सुपारी कातरत.
एकदाही हसली नाही.
"याच्यात हासाचं काय हाय?
आपन असंच बोलतो ना."

खरं म्हणजे तो पाट्या लिहिणारा.
पोळ्याच्या पाडव्याला बडगे निघत,
त्यांच्या गळ्यातल्या पाट्या.
मी खळीचा डबा धरायचो, तो लिहायचा :
नळाले पानी नाही, बिलाले पूर आला.
नगरसेवक स्वतः हसला होता.
पाणी आलं नाही, पण हसला होता.

सातव्या वर्षी बाबा गेले.
पद्माकर रात्रभर गाडीत बसून आला.
ओसरीवर माणसं, बाया भिंतीकडे,
बाहेर बांबू सोलायचा आवाज.
त्यानं दार लोटलं.
अन् सगळी ओसरी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.
त्याला कळलं. मलाही कळलं.
त्यानं ओठ गच्च दाबले, हाताने धरल्यासारखे,
पण हेडाऊंचा पोरगा, पाच वर्षांचा,
खांबाआडून बोलून गेला ते वाक्य,
अगदी त्याच्याच हेलात.

कोणी पदर तोंडात कोंबला,
कोणी खोकला काढला,
म्हातारे माना खाली घालून हलत होते,
रडल्यासारखे.
मग सगळं शांत झालं.
आणि माय हसली.
एकटीच. मोठ्यानं.
बाबांच्या पायाशी बसून,
दोन्ही हातांनी त्यांचा अंगठा धरून.

यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

मालिका बंद झाली तेव्हा तो परत आला,
एक बॅग अन् बटण तुटलेला पांढरा कोट.
कोट मायनं कूलरवर झाकायला घेतला.
आता एप्रिलमध्ये दुकानात उभं राहायला जागा नसते.
तो ताट्या भरतो, पंप उघडून कचरा काढतो,
पंचेचाळीस डिग्रीत.
बर्डीहून, महालातून गिऱ्हाईक येतं,
पाटी वाचतं, निनावे कूलर,
म्हणतं, नाव टाकाचं राहिलं का भाऊ?
मग त्याच्याकडे नीट बघतं.
"अरे, तुमी ते! म्हना ना एकडाव."

तो स्क्रू दातात धरून असतो.
हातानंच सांगतो, थांबा.
बटण दाबतो. पंखा आधी कुरकुरतो,
मग फिरतो,
मग बऱ्याच वेळानं
कुठूनतरी पाणी चढतं.